मापाला माणूस

कुठलंही देऊळ दिसलं की अण्णा आधी त्याच्या खांबाला पाठ लावून उभे राहायचे, डोक्यावर आडवा तळवा धरायचे आणि तो तळवा तसाच खांबावर ठेवून बाजूला व्हायचे. मग मान वर करून उरलेला खांब बघायचे आणि म्हणायचे, "हितं मी संपलो. आता कळतंय देऊळ केवढं हाय ते."

कामाच्या निमित्तानं भेटलेली अशी माणसं तुमच्याही आठवणीत असतील. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आपण हौसेनं लिहितो. मी अण्णांबद्दल आजवर एक ओळ लिहिली नाही. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे मी केलेलं लिहायचं.

साठ-पासष्ट सालच्या पुढचा काळ. कोल्हापुरात महाद्वाराजवळच्या एका बोळात आमचा स्टुडिओ होता आणि मी तिथं रिटचिंग करायचो. निगेटिव्हवर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या पेन्सिलीनं आणि बारीक सुरीनं घालवायच्या, हे माझं काम. माझा हात चांगला होता. लोक तसं म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

अण्णांचा स्वतःचा स्टुडिओ नव्हता. पोटासाठी ते शाळांचे ग्रुप फोटो काढायचे. सुट्टी आली की लाकडी कॅमेरा आणि स्टँड एसटीच्या टपावर टाकून निघायचे. गारगोटीला उतरून भुदरगडाचा दरवाजा, नृसिंहवाडीचा घाट, खिद्रापूरचं देऊळ. त्यांच्या वयाची बरीच माणसं फिल्मवर गेली होती, अण्णा मात्र काचेचीच निगेटिव्ह वापरायचे. धुऊन त्या काचा आमच्याकडे आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. "आर्टिस्ट, बघा की."

मला 'आर्टिस्ट' म्हणणारे ते एकटेच.

त्यांचा एक नेम होता. इमारतीचा फोटो माणसाशिवाय काढायचा नाही. मापाला माणूस पाहिजेच. आधी ते कुणालाही उभं करायचे, कंडक्टरला, पुजाऱ्याला. पण देवळातल्या अंधारात कॅमेऱ्याचं तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात माणूस हलतो, खाजवतो, त्याचं धुकं होतं. मग त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना न्यायला सुरुवात केली. काळ्या दगडावर उठून दिसावं म्हणून वहिनी फिकं लुगडं नेसायच्या. अण्णा अभिमानानं सांगायचे, "आमची मंडळी हालत न्हाईत. डोळ्याचं पातं सुदिक न्हाय."

एकदा मी त्यांच्याबरोबर खिद्रापूरला गेलो होतो. अण्णा काळ्या कापडात डोकं घालून बसलेले, वहिनी खांबाला टेकून उभ्या.

"अवो, झालं का? पाय भरलं माजं."

"देव किती वर्सं उभा हाय, बघ. तुला दोन मिंटं जड झाली व्हय?"

"देवाला घरी जाऊन भाकरी थापायची न्हाय."

कापडाच्या आत अण्णा हसले आणि एक काच वाया गेली. दुसऱ्या वेळी मात्र वहिनी अशा उभ्या राहिल्या की भिंगातून त्यांच्या नाकातली चमकी दिसत होती.

त्या वेळी एक निवृत्त गुरुजी जिल्ह्यातल्या देवळांवर पुस्तिका काढणार होते. वहिनी ज्यांत होत्या अशा सगळ्याच, म्हणजे अकरा काचा अण्णांनी त्यांच्यासाठी काढल्या आणि माझ्याकडे दिल्या. गुरुजींनी मला सांगितलं होतं, "दोन फोटोंत विजेच्या तारा आल्यात, तेवढ्या घालवा." एवढंच सांगितलं होतं.

मी तारा घालवल्या. सुरेख गेल्या. मग नजर वहिनींवर गेली. नुसता दगड किती छान दिसेल, असं वाटलं. फिकं लुगडं निगेटिव्हवर काळं येतं, ते सुरीनं हलक्या हातानं खरवडलं की मागचा काळा दगड आणता येतो. आधी पदर गेला, मग हात. चेहऱ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. पहिली काच इतकी बेमालूम झाली की मी दुसरी घेतली. चार दिवसांत अकराही काचांमधून त्यांना काढून टाकलं. अण्णांना विचारावं, हे मनात आलं होतं. पण एकदम दाखवून चकित करू, असं ठरवलं.

पंधरा दिवसांनी अण्णा आले. दाढी वाढलेली. टोपी हातात.

"मंडळी गेल्या," ते म्हणाले. "ताप आला. पाचव्या दिशी गेल्या."

मी उठून उभा राहिलो. ते स्टुलावर बसले आणि साधेपणानं बोलू लागले. "तेराव्याला फोटो पायजे. आणि बघा, आर्टिस्ट, घरात फोटो न्हाय. लग्नात कुठला फोटोवाला? आणि नंतर मीच फोटोवाला, मग म्हटलं, काढू की कवातरी. पर ती खिद्रापूरची काच हाय न्हवं तुमच्याकडं? चेहरा धारदार आलाय. तेवढाच मोठा करू."

काच कपाटात होती. ती सापडत नाही असं म्हणावं, की पडून फुटली म्हणावं? कपाट उघडून मी ती त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीकडं धरली. खांब पाहिला. काच उलटी करून पाहिली. मग माझ्या टेबलावरचं भिंग घेतलं आणि ज्या जागी वहिनी उभ्या होत्या, तिथं धरलं.

"बाकीच्या?"

मी दहाही काचा दिल्या. त्यांनी एकेक पाहिली. घाई केली नाही.

"गुरुजींनी सांगितलं होतं," मी म्हणालो. "माणसं नकोत म्हणाले."

हे खोटं होतं. ते माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मीच दचकलो.

अण्णांनी मान हलवली. शेवटची काच खाली ठेवली आणि म्हणाले, "हात साफ हाय तुमचा. कुठं डाग न्हाय."

दोन दिवसांनी ते परत आले. "ती खिद्रापूरची मोठी करून द्या. हाय तशीच." डार्करूमच्या लाल उजेडात ट्रेमध्ये कागदावर तो खांब हळूहळू उमटला, आणि मी वेड्यासारखा कुठं पदराची एखादी कड राहिली आहे का ते शोधत होतो. मी खरोखरच चांगला कारागीर होतो. काही राहिलं नव्हतं.

तेराव्याला मी गेलो. पाटावर तो फोटो ठेवला होता. मोकळा खांब, त्याला हार, पुढं समई. बायका कुजबुजत होत्या, देवभक्त माणूस म्हणून. अण्णा स्वतः वाढत होते. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आर्टिस्टना खीर घाला की अजून."

त्यानंतर सहा वर्षं अण्णा काचा आणत राहिले, पण एक बदल झाला. ते काच ठेवून जायचे नाहीत. माझं काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचे, सगळी दुपार. काच कपाटात ठेवू द्यायचे नाहीत, बरोबर घेऊन जायचे. मला वाटायचं, घर खायला उठत असेल. मी त्यांच्यासाठी चहा मागवायचो. बायकोलाही सांगितलं होतं, बिचाऱ्यांना माझ्याजवळ बसलं की बरं वाटतं.

मग अण्णाही गेले. त्यांच्या तेराव्याला गुरुजी माझ्या शेजारी पंगतीला बसले होते. भात कालवता कालवता म्हणाले, "तुम्हाला एक विचारायचं राहूनच गेलं. यांची मंडळी गेल्या ना, त्याच्या दोनतीन दिवसांत हे माझ्याकडे आले होते. फोटोतली माणसं काढायला तुम्ही सांगितलंत का, म्हणाले. मी म्हटलं, छे, मी फक्त तारा म्हटलं होतं. काय भानगड होती हो?"

"काही नाही," मी म्हणालो. घास हातातच राहिला.

म्हणजे खीर वाढायला सांगितली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं. त्या दुपारी ते माझ्याजवळ बसले होते, की माझ्या सुरीवर पहारा ठेवून होते? की दोन्ही? विचारायला माणूस उरला नाही. मी गुरुजींना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. आज पन्नाशी उलटल्यावर इथं सांगतो आहे.

त्यांनी आणलेली शेवटची काच नृसिंहवाडीच्या घाटाची होती. अगदी खालच्या पायरीवर कुणी बाई लुगडं पिळत होती, करंगळीच्या नखाएवढी. मी नुसतं भिंग तिच्यावर नेलं, तर अण्णांनी स्टुलावरून वाकून माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिला ऱ्हाऊ द्या, आर्टिस्ट. कुणाची तरी आसंल."

मला ती चेष्टा वाटली. मी मोठ्यानं हसलो होतो.