डाळीच्या डब्यातलं कार्ड

आमच्या समीक्षाचं सगळं चांगलं आहे, फक्त तिला चिडता येत नाही. मी तिची नणंद, तेव्हा माझ्या तोंडून तिचं एवढं कौतुक निघतंय म्हणजे ते खरंच असणार. धुळ्याची पोरगी, बी.एड. झालेली, बोलणं मऊ. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच सॉरी म्हणते. मी एसटीत कंडक्टर आहे. माझ्या पायावर पाय देणारा पुढच्या स्टॉपपर्यंत ऐकून घेतो.

तिनं पोरीला शाळेतून काढल्याचं मला ड्युटीवर कळलं. धाकट्या भावाचा, धम्मपालचा फोन आला. तो वरणगावला फॅक्टरीत आहे आणि बोलायचे पैसे पडतात असं त्याचं बोलणं. म्हणाला, "ताई, श्रावस्ती आता घरीच शिकेल. मायला तू सांग." ठेवला फोन. मायला सांगायची अवघड कामं आमच्या घरात माझ्याच वाट्याला येतात.

माय म्हणजे लिलाबाई. बोदवडला माझ्याजवळ राहते. मी सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली.

"माह्या बापाले मास्तरनं पायरीवर बसवलं होतं," ती म्हणाली. "वर्गात नाई, पायरीवर. उन्हात बसून शिकला तो. त्यानं पायरीवरून आत जायले जल्म घातला, अन् हिनं पोरीले आतून बाहेर आणलं?"

मी तिला घेऊन वरणगावला गेले.

झालं होतं ते असं. श्रावस्ती पाचवीत. शाळा इंग्रजी, व्हॅननं जायची. एक दिवस ऑफिसातला माणूस वर्गात आला आणि म्हणाला, एससीवाले उभे राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म द्यायचेत. त्याच्या मनात काही नसेल, त्याला फॉर्म वाटून मोकळं व्हायचं होतं. पण कुणाच्या मनात काही नसतानाच आपल्याला सगळ्यात जास्त लागतं. अख्ख्या वर्गात ही एकटी उभी राहिली. तोवर बाकावरच्या मैत्रिणीला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या पोरीनं हिच्या डब्याला हात लावला नाही. भांडण नाही, शिवी नाही. फक्त आपला डबा ती पलीकडच्या बाकावर घेऊन गेली.

त्यानंतर रोज सकाळी युनिफॉर्म घातला की श्रावस्तीला उलटी व्हायची. डॉक्टरनं पोट तपासलं, पोटात काही नव्हतं.

हे समीक्षा सांगत होती तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, "तू शाळेत जाऊन कुणाची गचांडी धरली नाहीस?"

"ताई, भांडून ती पोरगी डबा परत आणणार आहे का?" समीक्षा म्हणाली. "मला एवढंच पाहिजे, की माझ्या लेकीला स्वतःबद्दल कमीपणा वाटू नये. एक वर्ष मी तिला घरी शिकवते. परीक्षा बाहेरून देता येते. मनानं घट्ट झाली की घालू परत शाळेत."

मायनं नातीला जवळ ओढून घेतलं. म्हणाली, "एक वरीस. पुढच्या जूनले पोरगी शाळेत पायजे." आणि ती तिथंच राहिली. नजर ठेवायला, दुसरं काय.

आता कमीपणा वाटू नये म्हणणाऱ्या समीक्षाच्या दारावर पाटी काय होती, तेही सांगते. डी. एस. वानखेडे. कॉलनी नवी, भाड्याचं घर. धम्मपाल हे नाव पुरं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला पुढचं कळलंच असतं. वानखेडे सगळ्यांत असतात. कुणी विचारलं, कुठले वानखेडे, की ही म्हणायची, अकोल्याकडचे. आमच्या सात पिढ्यांत कुणी अकोल्याला राहिलेलं नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाली, "ताई, तुम्ही संध्याकाळी बस सोडून घरी जाता. मला इथंच राहायचंय." ते खरं होतं.

घरच्या शाळेचं गणित जमलं, इंग्रजी जमलं, विज्ञान तर स्वयंपाकघरातच होतं. अडलं ते इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्रावर. समीक्षा म्हणायची, "गणित कुणाचंही सारखंच असतं. इतिहासात मात्र आपण कुठं उभं राहायचं ते पुस्तक ठरवतं." म्हणून ती एकेक संच मागवायची, वाचायची, परत पाठवायची. कुरिअरवाला तिला नावानं ओळखायला लागला.

पहिला आला तो इंग्रजी, भारी कागदाचा. 'आपला शेजार' असा धडा, आणि चित्रातल्या प्रत्येक घरापुढे बर्फ, बर्फ उकरायला फावडी. इकडे वरणगावला मे महिना, कूलरचं पाणी तापलेलं. मायनं चित्र पाहिलं आणि विचारलं, "एवढं मीठ कायले सांडलं रस्त्यावर?" श्रावस्ती हसली. तो संच परत गेला.

मग किल्ल्यांचा खेळ आला. फासा टाका, किल्ला घ्या, सैन्य वाढवा. चांगला होता, पण नुसते राजे आणि लढाया. मी विचारलं, किल्ल्याचे दगड ज्यांनी वाहिले त्यांचं कार्ड कुठंय? समीक्षा म्हणाली, "त्यांचं कार्ड नसतं, ताई." तोही परत.

शेवटी भूगोल तिनं स्वतःच केला. फरशीवर खडूनं रेल्वेचे रूळ काढले, भुसावळ मधोमध. सावद्याची केळी दिल्लीला पोचवायची. वाटेत नदी, राज्य, शहर विचारायचं. चुकलं तर मालगाडीची वाघीण थांबते आणि केळी पिकायला लागतात. मायला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण बडनेरा कुठल्या बाजूला आणि खंडवा कुठल्या, हे ती झोपेतही सांगेल. तिची केळी कधी सडली नाहीत. श्रावस्ती चिडायची, परत डाव मांडायची, पोट धरून हसायची. उलट्या थांबल्या होत्या. दिवाळीपर्यंत पोरीच्या गालावर रंग आला. मला वाटलं, जिंकली समीक्षा.

मग पुण्याहून तो संच आला. 'आपलं जुनं गाव'. समीक्षानं त्याची माहिती नेटवर वाचली होती आणि खूश झाली होती. राजे नाहीत, लढाया नाहीत, गावात काम करणारी माणसं. कापडी पट, त्यावर चावडी, देऊळ, विहीर, वेस, घरं. बारा बलुतेदारांची कार्डं. प्रत्येकानं एक कार्ड उचलायचं, उभं राहायचं, मी अमुक, माझं काम तमुक, असं सांगायचं, आणि मग खळ्यावर त्याच्या वाट्याचं धान्य मागायचं. कार्डं वाटणाऱ्यानं सगळ्यात शेवटी सांगायचं. असा नियम.

त्या रविवारी मला सुट्टी होती. मी पोचले तेव्हा पट पसरलेला होता. माय, श्रावस्ती, समीक्षा आणि मी, चौघी बसलो. धम्मपालची ड्युटी होती. श्रावस्तीला सुताराचं कार्ड आलं आणि ती अशी रंधा मारायला लागली की माय हसून हसून बेजार. मला न्हावी आला. मी समीक्षाची वेणी कापायला उठले. मजेत चाललं होतं.

दोन डाव झाले आणि श्रावस्ती पटाकडे बघत थांबली.

"मम्मी, डब्यावर बारा लिहिलंय. कार्डं अकराच आहेत."

"कमी आलं असेल," समीक्षा म्हणाली. "कंपनीला कळवते."

"आणि हे घर कुणाचं?" पोरीनं बोट ठेवलं. गावाच्या भिंतीच्या बाहेर, पटाच्या अगदी कडेला, एक घर होतं. एकटंच. "याच्यात कुणीच राहायला आलं नाही."

समीक्षा म्हणाली, "ते असंच, चित्र आहे."

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मायच्या आधीच आलं होतं. मायनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मान खाली घातली. माय काही वाईट बोलली नाही. नातीला म्हणाली, "ते आपलं व्हय, बाई."

"आपलं? मग बाहेर का?"

"बठ्ठं, सारं गाव आत होतं, आपल्याले बाहेर ठेवलेलं होतं. माह्या आज्याचं घर असंच होतं. रातच्याले गावाची राखन तोच करे. शेताच्या बांधाचं भांडण झालं का त्यालेच बोलवत, खुना त्याले ठाऊक म्हनून. अन् पानी मात्र वरून ओतत त्याच्या ओंजळीत."

श्रावस्ती ऐकत होती. मग आईकडे वळली. "मम्मी, त्यांचं कार्ड कुठंय?"

समीक्षा उठली. स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात कार्ड होतं आणि बोटांना तूरडाळीची पूड. संच आला त्याच दिवशी तिनं ते काढून डाळीच्या डब्यात दडवलं होतं. कार्डावर लिहिलं होतं, महार. खाली काम आणि घर कुठे ते.

"तुला परत तसं वाटू नये म्हणून काढलं होतं, राणी," ती म्हणाली. "अजून थोडी मोठी झालीस की दाखवणार होते."

पोरीनं कार्ड हातात घेतलं, डाळीची पूड पुसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं विचारलं, "म्हणजे हे लपवायचं असतं का?"

मला समीक्षाचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. शाळेतल्या त्या माणसानं पोरीला उभं केलं होतं, पण हे लाजायचं असतं असं काही त्यानं शिकवलं नव्हतं. ते आम्ही घरी शिकवलं. दारावरच्या पाटीनं शिकवलं, अकोल्यानं शिकवलं, आता डाळीच्या डब्यानं.

नेमकी तेव्हाच शेजारची चारुलता आली, विरजण मागायला. बरोबर तिची लेक. बाई स्वभावानं चांगली, तोंडभर बोलणारी. पट बघून हरखली. "अगंबाई, काय छान आहे हे. आम्ही पण खेळू का?" आणि उत्तराची वाट न बघता मायलेकी मांडी घालून बसल्यासुद्धा.

श्रावस्तीनं कार्डं गोळा केली. हातातलं कार्ड तिनं त्यांच्यात मिसळलं, मला दिसेल असं, आईला दिसेल असं. पिसली आणि पालथी वाटली. एकेक.

मी पोरीच्या शेजारी होते. तिनं आपलं कार्ड जरा उचलून पाहिलं तेव्हा मलाही दिसलं. परत सुतार. वाटणारी ती, म्हणजे तिला शेवटी सांगायचं होतं. तिनं ते पालथं ठेवलं.

चारुलताला कुंभार आला, तिनं उभं राहून हातवारे करून मडकं घडवलं. तिच्या लेकीला गुरव. मला लोहार. मायला परीट. माय गुडघे धरत उठली, म्हणाली, "मी परीट, तुमची लुगडी धुते, पायली भरून द्या," आणि बसली. मग समीक्षाची पाळी आली.

समीक्षानं कार्ड सरळ केलं, पाहिलं, आणि छातीशी धरलं. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं काय आलंय ते. खेळच होता हो. कार्ड कुणालाही आलं असतं. चारुलताला आलं असतं तर तिनं हसत हसत सांगून टाकलं असतं. पण समीक्षाला वाटलं, ती उभी राहिली की पाटी आपोआप पुरी वाचली जाणार.

"सांगा ना वहिनी, तुम्ही कोण?" चारुलता म्हणाली.

श्रावस्ती आईकडे बघत होती. पापणी न हलवता.

समीक्षा अर्धवट उठली. "मी..." म्हणाली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मी सुतार."

चारुलतानं कौतुकानं मान हलवली, तिला काय ठाऊक. मायनं डोळे मिटले. मी खाली पाहिलं, पोरीच्या गुडघ्यापाशी पालथं पडलेलं ते कार्ड.

श्रावस्तीनं तिचं कार्ड उलटलं नाही. आईला खोटं पाडलं नाही. ती उठून समीक्षाजवळ गेली, तिच्या छातीशी धरलेलं कार्ड हळूच सोडवून घेतलं आणि खांद्याला धरून तिला खाली बसवलं. मऊ आवाजात, अगदी आईसारख्या.

"तू बस मम्मी," ती म्हणाली. "मी उभी राहते. मला सवय आहे."