बोटीचा वाटा

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. बांगड्या, दाताची कवळी, लग्नातला बँड, एवढंच काय, सत्यनारायणाची दक्षिणासुद्धा तिने खाली आणलेली आहे. जन्म नवापूरच्या किनाऱ्यावरचा आणि हयात बोईसरच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेली. त्यामुळे समोर येणाऱ्या माणसालाही ती आधी मासळीसारखी तपासते. माशाचा कल्ला उचलून बघावा तशी डोळ्याखालची पापणी अंगठ्याने ओढते आणि निकाल देते. निकाल दोनच. "ताजा" किंवा "बर्फातला". माझ्या लग्नात तिने भर मांडवात नवरीची पापणी ओढली होती. नवरी ताजी निघाली. मी मात्र कायमचा बर्फातला. "दिसाया बरा हाय, पन आतून गार," असं ती चारचौघांत सांगायची आणि मी गप्प बसायचो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आई गेल्यावर आम्हा तिघा भावंडांना या मूलबाळ नसलेल्या बाईने वाढवलं, आणि मी तिच्यापासून अर्ध्या तासावर, सरावलीत फ्लॅट घेऊन राहिलो. महिन्यातून एकदा पैशांचं पाकीट द्यायला जायचो नि चहा निवायच्या आत उठायचो.

गेल्या वर्षी ती ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुढे दिवसभराची बाई लागेल, औषधं चालू राहतील आणि घरात आपलं कुणीतरी हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा या सगळ्याचा खर्च कसा उभा करायचा ते बघायला मी तिला वॉकरसकट गाडीत घालून फिरवू लागलो. विम्याचा एजंट अदबीने म्हणाला, "आजी, जुन्या दुखण्यांसाठी काही वर्षं थांबावं लागतं." आत्या म्हणाली, "दुखनं थांबंल रं बाबा, मी थांबंन का?" मग बँक. तिथल्या तरुण साहेबाने घर तारण ठेवण्याची योजना समजावली. बँक दरमहा पैसे देणार, आत्या तहहयात त्याच घरात राहणार, आणि पुढे तिच्या पश्चात ते घर विकून बँक आपली रक्कम वसूल करणार. आत्याने त्याची पापणी ओढली. "म्हंजे मी कवा मरते त्याची तू वाट बघनार. त्याला बँक कशाला? माजे भाचे फुकट बघतात की!" साहेब हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी पालघरजवळचा एक वृद्धाश्रम. स्वच्छ, टापटीप, बाहेर जास्वंदीची रांग. आत्याने गादी दाबून पाहिली, वरणाची चव घेतली आणि मॅनेजरला विचारलं, "शेजारचीला पन आनते. दोगींचं काय लावशील?" अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर त्याने खरोखरच भाव उतरवला. मी खिशातलं पेन काढलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. चांगली सोय, रीतसर पावती, आणि माझं पाकीट परस्पर खात्यात. तेवढ्यात तिने विचारलं, "हितं वारा कुठून येतो?" मॅनेजर म्हणाला, "पंखा आहे ना, आजी." आत्या उठलीच. गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. कुणाला गार पाडायचं असलं की ती बोलते. स्वतः घाबरली की गप्प होते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी तिने आम्हा तिघांना बोलावलं. पालघरहून ताई आली, तारापूरच्या वसाहतीतून दादा आला. आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे घालतात. पहिला वाटा बोटीचा, तिच्या डागडुजीसाठी, मग माणसांचे. भांडण नको म्हणून एकजण पाठ करून बसतो. मागून कुणीतरी ढिगावर हात ठेवून "हा कोनाचा?" असं विचारतो, आणि तो न बघता नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. आत्याने पलंगावर बसल्या बसल्या सुक्या बोंबलांचे चार ढीग केले.

"हा बोटीचा," पहिल्यावर हात ठेवून ती म्हणाली. "म्हातारी झाली तरी बोट हाय मी. अंगन बोंबील वाळवायला दिलंय, त्याच्या भाड्यात माजा किराना नि लाइट बिल. हा बाईचा पगार. हा औषधांचा. आन हा..." चौथ्या ढिगात तीनच बोंबील होते. "हितं येऊन ऱ्हायचं. याला पैसा लागत नाय."

तो तीन बोंबलांचा ढीग आम्हा तिघांना सगळ्यांत जड दिसत होता.

"धाकट्या, पाठ कर," ती म्हणाली आणि मला समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. समोर तिचा जुना, खोक्यासारखा टीव्ही होता. बंद. त्याच्या काळ्या काचेत मागचा पलंग, चारही ढीग आणि तिचा हात लख्ख दिसत होता. हात सरळ तीन बोंबलांवर गेला.

"हा कोनाचा?"

दादाचं नाव जिभेवर आलं होतं. काचेत तिचा अंगठा दिसला, तेच तीन बोंबील पुन्हा पुन्हा सारखे करणारा.

"माझा," मी म्हणालो.

"अरे देवा, नेमकं तुझ्याच वाट्याला!" ताई हळहळली. दादा म्हणाला, "मी बदलून देतो रे."

"नाव घेतलं का बदलत नाय," आत्या खेकसली.

मी नवापूरला आत्याच्या घरी राहायला आलो. बायकोसुद्धा आजवर हेच समजते की ते नशिबाने आलं; शनिवार-रविवार तीही मुकाट्याने नवापूरला येते. पण "आत्ये, मी राहतो तुझ्यापाशी" हे साधं वाक्य सरळ तोंडाने मला जन्मात बोलता आलं नसतं. मला ते लबाडी करूनच बोलता आलं.

परवा ताईने हौसेने मोठा, भिंतीवर लावायचा टीव्ही आणला. आत्याने तो दारातूनच परत पाठवला. जुना तर कधीचाच बिघडलेला आहे. "अगं, यात काही दिसत तरी नाही," ताई कुरकुरली. आत्या पदराने त्याची काच पुसत म्हणाली, "बंद आसला का बेस दिसतं यात," आणि माझ्याकडे वळली.

मोतीबिंदूने हल्ली तिला फारसं दिसत नाही. तरी चाचपडत तिने माझी पापणी ओढली. डोळ्याला पाणी आलं होतं, ते तिच्या अंगठ्याला लागलं. तिने अंगठा पदराला पुसला, आणि पहिल्यांदाच निकाल द्यायला जरा वेळ घेतला.