बॉनेटवरचा पंजा

लखमा पॉलिशवाल्याकडं कल्याणहून माणसं गाड्या घेऊन मुरबाडला येत, ती काय उगाच नाय. रंगावर नजर टाकून तो सांगे, ह्याला लोकरीचा पॅड लागेल, ह्याला फोमचा, आणि ह्या बिचारीला मशीनच लावू नका, हातानं वॅक्स चोळा. गॅरेजचा मालक नवनवीन पॉलिशच्या बाटल्या आणी. लखमा त्यातल्या निम्म्या हुंगून बाजूला सारी. त्याचा हट्ट एकच. आधी सगळ्यात मऊ पॅड, डाग नाय गेला तरच कडक.

त्याच्या पोरानं, सुरजनं, मुरबाड-कल्याण फेऱ्या मारायला पांढरी गाडी घेतली. दसऱ्याला पूजा झाली. तेलात कालवलेल्या शेंदरानं हात माखलेले, आणि पठ्ठ्यानं खुशीत बॉनेटवर थाप मारली! अख्खा पंजा उमटला. लखमाचा हात फडक्याकडं गेला. पण त्यांच्या पाड्यावर पूजेची खूण पाच दिवस पुसत नाहीत. गिऱ्हाइकाची गाडी असती तर त्यानं तिथंच फडकं मारलं असतं; घरच्या गाडीला मात्र रीत पाळत बसला. पाच दिवस ऑक्टोबरचं ऊन! डाग बसला तो बसलाच. सुरज चिडवी, जगाच्या गाड्या चमकवता, माझी कधी? लखमा म्हणे, शेंदूर रंगात उतरलाय, कडक लोकरीच्या पॅडशिवाय सुटका नाय, बघू सवडीनं.

पुढल्या श्रावणात सुरज काविळीनं गेला.

सून रविना तान्ही पोर घेऊन खर्डीला माहेरी निघाली आणि गाडी विकायची ठरली. तिला तरी काय बोलणार? तिला पोर वाढवायची होती. गिऱ्हाईक आलं, पण पंजा बघून त्यानं तोंड वाकडं केलं. मेलेल्या माणसाचा हात पुढ्यात घेऊन गाडी कोण चालवील? म्हणाला, हा काढा, मग नेतो.

इकडं लखमाची बायको ठकी रोज सकाळी त्या पंज्यावर आपला हात ठेवून उभी राही. पोराचं दुसरं उरलंय काय? म्हणून लखमानं बेत केला. सगळ्यात मऊ काळा फोम घ्यायचा, सगळ्यात सौम्य पॉलिश घ्यायचं, गिऱ्हाइकासमोर घासायचं आणि हात वर करायचे. मग तो बॉनेटच बदलून मागेल आणि जुनं आपल्या घरी राहील.

"जायचा नाय गो," सकाळी निघताना तो ठकीला म्हणाला. "मऊ पॅडला दाद देयाचा नाय."

गॅरेजात गिऱ्हाइकासमोर त्यानं मशीन टेकवलं. एक फेरी मारून फडक्यानं पुसलं, तर पाची बोटं गेलेली. तळव्याची पिवळट सावली तेवढी राहिली होती. लखमानं मशीन बंद केलं. वर्षभर ज्याला तो रंगात उतरलेला म्हणत होता, तो डाग नुसता वर बसला होता. घरचाच म्हणून त्यानं कधी घासून पाहिलंच नव्हतं. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, काका, अजून एक फेरी मारा. नाय म्हणायला कारण सुचेना. लखमानं मारली.

दुपारच्या एसटीनं ठकी पाड्यावरून मुरबाडला आली, गाडी जायच्या आधी एकदा बघायला. बॉनेटमध्ये आभाळ दिसत होतं. ती गाडीभोवती फिरून पुढं येऊन थांबली.

"कुठं होता वो त्याचा हात?"

लखमा वाकला, तिरपं पाहिलं, उन्हाकडून पाहिलं. जागा त्यालाही सापडेना.

"हितंच," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून अंदाजानं कुठंतरी ठेवला.