बिबवेवाडीहून होकार आल्याशिवाय

शेवटच्या दिवशी सुमनला रक्त चढत होतं. तिनं डोळे उघडले, वर टांगलेल्या पिशवीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "अहो, नंबर जुळवून घेतला का विचारा." नर्स म्हणाली, "घेतलाय हो काकू, आम्ही दोघींनी बघितलाय." दोघींनी म्हटल्यावर हिनं डोळे मिटले... त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. त्याला आता महिना होऊन गेला.

माझी बायको नारायण पेठेतल्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटरचा सर्व्हर सांभाळायची. मी कसब्यातला तांबट, चौथी शिकलेला. ती बी.कॉम. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले तेव्हा चाळिशीला टेकलेली ही बाई जाऊन बसली. "पोरांच्या बाकावर बसायला लाज नाही वाटत?" मी विचारलं. म्हणाली, "बाकाला वाटत नाही, मला कशाला वाटेल?"

पण त्या कामात तिच्या जिवाला घोर होता. तपासणीत रक्त खराब निघालं की त्या पिशवीच्या नंबरापुढे मशीनवर 'बाद' लिहायचं. हे मशीन बंद पडलं तर काम अडू नये म्हणून तीच नोंद बिबवेवाडीच्या शाखेतल्या दुसऱ्या मशीनवरही उतरायची. तिकडून 'उतरलं' असा होकार आल्याशिवाय इकडचं मशीन पुढे हलायचं नाही, अशी सेटिंग हिनं ठेवलेली. शिवाय कोणी काय उघडून बघितलं, काय बदललं, सगळ्याची नोंद, म्हणजे ऑडिट, मशीन लिहीत बसायचं. गर्दी वाढली तसं ते रखडायला लागलं. काउंटरवर नातेवाईक आरडाओरडा करायचे. ज्याचं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आहे तो काय गप्प बसणार? पेढीचे साहेब म्हणाले, "मॅडम, होकाराची वाट बघणं आणि ऑडिट, दोन्ही बंद करा. मशीन पळू दे."

घरी आली की ताटात नुसती बोटं फिरवायची. मी म्हणालो, "कर बंद. काय झालं तर साहेबाच्या डोक्यावर जाईल." ती भडकली. "अहो, इथं बाद लिहिलं आणि ते तिकडे पोचायच्या आत इथलं मशीन बंद पडलं, तर तिकडे ती पिशवी चांगली दिसेल. देतील की कुणाला तरी! साहेबाच्या डोक्यावर नाही, पेशंटच्या अंगात जाईल." मग मीही ताट बाजूला सारलं. उशीर झाला तरी माणूस जायचं, घाई केली तरी माणूस जायचं... आणि मध्ये ही.

शेवटी तिनं नुसतं बघितल्याची नोंद बंद केली, बदलल्याची ठेवली. रक्त देणाऱ्याचा पत्ता, फोन असलं मागाहून पोचलं तरी चालेल, पण पिशवीचा निकाल बिबवेवाडीहून होकार आल्याशिवाय पक्का धरायचा नाही. मशीन हलकं झालं. हिला मात्र चैन नाही. एका रविवारी दुपारी पेढीत जाऊन तिनं मुद्दाम एका खोट्या नंबरावर बाद लिहिलं आणि मशीननं पक्कं झालं म्हणताक्षणी त्याची वायर उपटली. मी डबा घेऊन गेलो होतो. फोन कानाला, दुसऱ्या हातानं माझी बाही घट्ट धरलेली. "शिंदे, वाच. काय दिसतंय?" तिकडे बिबवेवाडीचा तो शिंदे शोधत बसला असावा. मग बाही सुटली. "बाद," ती म्हणाली आणि खुर्चीत बसून भाकरी मोडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "भाजीत मीठ नाही." डबा मी केला होता.

पण एकट्याच्या बघण्यावरचा तिचा भरवसा उडाला तो उडालाच. घराला तिनं कुलूप लावलं की मी ओढून "लागलं" म्हणायचं, मगच ती जिन्याकडे वळायची. मी वैतागायचो, "कुलूप आपल्याच घराचं आहे ना, का सरकारी तिजोरीचं?" ती म्हणायची, "म्हणा हो एकदा. तोंड झिजतंय का?"

आता मीच लावतो, मीच ओढतो. लागलंय हे हाताला कळतं, तरी पाय निघत नाही. परवा समोरच्या शेखभाभी त्यांच्या दारातून बघत होत्या. "काका, लागलंय हो, जा तुम्ही!" म्हणाल्या. मी मान हलवली, दोन पायऱ्या उतरलो. बाई चांगल्या आहेत... पण त्यांनी ओढून बघितलं नव्हतं. मी परत वर आलो.