आईच्या खाटेजवळचा सर्व्हर

आमच्या बैठकीत, आईच्या खाटेपासून सहा फुटांवर, एक सर्व्हर चालतो. सर्व्हर म्हणजे हार्ड डिस्कांनी भरलेला, फक्त साठवणीसाठी ठेवलेला कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, आणि तो कधी बंद होत नाही. धाकटा भाऊ मानोऱ्यात लग्नांचे शूटिंग करतो. तिथल्या तांड्यांवरची मंडळी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि परत आली की लग्नाचा व्हिडिओ पुन्हा मागतात, कारण पेनड्राइव्ह तिकडेच कुठेतरी पडलेला असतो. भाऊ दर वेळी छातीठोकपणे ‘आहे’ म्हणतो. तो व्हिडिओ असतो मंगरूळपीरला, माझ्या घरी. एकदा ठेवलेली वस्तू मी हरवू देत नाही, हे नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला सर्व्हर अकोल्याहून सेकंडहँड आणला होता, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. चपटा, लांबट, चार डिस्कांचे चार कप्पे, आणि दोन सीझनमध्ये चारही भरले. त्याचे पंखे इवलेसे, पण मिनिटाला आठ हजार फेरे मारायचे. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायची तर पळावे लागते, आणि पळताना तो ओरडतो. आम्हाला त्याची सवय झाली होती. आईला तर तो ऐकूच येत नव्हता.

आईला तसे पुष्कळच ऐकू येत नव्हते. चार माणसे हसली की तीही हसायची, अर्ध्या क्षणाने. जेवलीस का विचारले तर गुडघ्याचे सांगायची. हळूहळू आम्ही तिला विचारणेच कमी केले होते, आणि हे जेव्हा माझ्या लक्षात आले तेव्हा मी तिला तपासायला नेले. दोन्ही कानांत घालायची यंत्रे मिळाली. तपासणाऱ्या बाईंनी बजावले की यंत्र दिवसभर कानात हवे. डबीत राहिले तर बोलणे उलगडण्याची डोक्याची सवय मोडते, आणि मग कितीही भारी यंत्र आणा, उपयोग नाही.

घरी आल्यावर अर्ध्या तासात तिने दोन्ही काढली.

“माह्या कानात पिठाची चक्की लावून देली तुमी,” ती म्हणाली. “माणूस बोलून राह्यला का पीठ दळून राह्यला, काई समजत नाही.”

मी मोबाइलवर आवाज मोजला. खाटेवर बावन्न डेसिबल. मोबाइलचे माप अचूक नसते हे मला माहीत आहे, पण सर्व्हर बंद केल्यावर तोच मोबाइल सत्तावीस दाखवत होता, आणि फरकावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. कानातले यंत्र माणसाचे बोलणे वाढवते तसा पंख्याचा आवाजही वाढवते. कोणता हवा आणि कोणता नको, हे त्याला पुरते कळत नाही.

“मायले मागच्या खोलीत ने,” भावाने फोनवर सोपा उपाय सांगितला.

“आणि बैठकीत कोण बसंल? तुह्या हार्ड डिस्का?”

आलागेला माणूस बैठकीत येतो, बातमी बैठकीत येते. आईला ऐकू यावे म्हणून तिला जिथे कोणी बोलत नाही तिथे नेऊन ठेवायचे, हा हिशोब मला पटला नाही. हलायचे असेल तर सर्व्हरने हलावे.

अंगणापलीकडे आमची धान्याची खोली आहे. जाड भिंती, उन्हाळ्यातही थंड. मी तिथपर्यंत केबल आणि इन्व्हर्टरची लाइन ओढली आणि सर्व्हर गव्हाच्या कोठीशेजारी फळीवर ठेवला. बैठक शांत झाली. आईने यंत्रे घातली, आणि आठवडाभर घालून राहिली. शेजारणीला ती स्वतःहून काहीतरी सांगत होती आणि शेजारीण ऐकत होती, हे मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

मग गव्हात कीड दिसली. दरवर्षीप्रमाणे बायकोने गोळ्या आणायला सांगितल्या. या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, म्हणून आम्ही दाराच्या फटी चिकटपट्टीने बुजवतो आणि ठरलेले दिवस तिकडे कोणी फिरकत नाही.

“तुमचा डबा आत हाय ना? त्याले नाही बाधत?” तिने विचारले.

“त्याले का नाक हाय?” मी म्हणालो.

नाक नव्हते, पण तांबे होते. खोली उघडून हवा खेळती केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सर्व्हरला एक डिस्क सापडेनाशी झाली, मग दुसरी दिसायची, नाहीशी व्हायची. झाकण काढले तर आतले तांब्याचे तुकडे काळे पडलेले. गोळ्यांच्या डब्यावरची सूचना मी तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. त्या वायूने तांबे खराब होते, विजेची उपकरणे आधी बाहेर काढा, असे त्यावर छापलेलेच होते. डिस्का वाचल्या, आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत भावाकडे सुट्या डिस्कांवर कपाटात असतेच, त्यामुळे लग्न एकही गेले नाही. कनेक्शन साफ करून सर्व्हर बैठकीत परत आणला. त्या संध्याकाळी आईने यंत्रे डबीत ठेवली.

“मी इचारलं होतं,” बायको म्हणाली.

“हो.”

“नाक म्हणे!”

आता जागा बदलायची नाही, सर्व्हरच बदलायचा, असे मी ठरवले. खाटेवर तीस डेसिबलच्या खाली, हे पहिले माप. मेमधल्या गरमीत डिस्का पन्नास अंशांच्या आत, हे दुसरे. आणि जागा भरली की सगळे उकलावे लागू नये, हे तिसरे. जुन्यात जागा वाढवायची तर चारही डिस्का एकेक करून बदलायच्या, आणि चौथी बदलेपर्यंत वाढलेली जागा हाती येत नसे.

आठ कप्प्यांचे उभे कॅबिनेट घेतले. पंखे वीतभर रुंदीचे, मिनिटाला सहाशे फेरे मारणारे. मोठे पाते आरामात फिरून तेवढीच हवा ढकलते. डिस्का रबरी चकत्यांवर बसवल्या, म्हणजे त्यांची थरथर पत्र्यात उतरत नाही. बोर्ड कमी वीज खाणारा निवडला. एकशे चाळीस वॅटचा खर्च अडतीसवर आला. रचना अशी ठेवली की सगळ्यात मोठी एक डिस्क राखणीला, आणि बाकीच्या कोणत्याही मापाच्या चालतील. एखादी गेली तर राखणीची डिस्क आणि उरलेल्या मिळून तिचा माल पुन्हा उभा करतात. जागा कमी पडली की समोरचा कप्पा ओढायचा, नवी डिस्क बसवायची, बस.

सगळा माल नव्यात उतरवला आणि फाइलगणिक जुन्याशी ताडून पाहिला. एकही फरक निघाला नाही, तेव्हाच जुन्याची पिन काढली.

बायको चहा घेऊन आली आणि उभी राहिली. “कधी चालू करसान?”

“चालूच हाय.”

तिने वाकून कॅबिनेटला कान लावला. मग खाटेजवळ गेली, डबी उघडली आणि आईच्या हातावर दोन्ही यंत्रे ठेवली. मोबाइल अठ्ठावीस दाखवत होता. दर उन्हाळ्यात पंखे जरा जास्त फिरवावे लागतील आणि धूळ महिन्याला झाडावी लागेल, हे मी धरून चाललो आहे. तेवढे मला जमते.

परवा भाऊ नवी डिस्क घेऊन आला. ती बसवायला आम्हाला स्क्रूड्रायव्हरही लागला नाही. बोलता बोलता त्याने रिठदच्या लग्नाचा विषय काढला. आमच्या मावसबहिणीच्या मुलीचे लग्न.

“मायले कायले नेतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “बसचा परवास, मंडपात डीजे, तिले काय कळंल तिथं? आपण दोघंच जाऊन येऊ.”

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“मले जायचं हाय.”

भाऊ वळला.

“डीजे वाजला तं कानातलं काढून ठेवीन,” आई म्हणाली. “पण रिठदले कोण जाईल, कोण नाही, हे मले इचारा ना. मी का मेली?”

भाऊ खाटेजवळ गेला, तिच्या कानाशी वाकला आणि नेहमीसारखा ओरडला, “माय, तसं नाही व!”

“वरडू नको,” आई म्हणाली. “आयकू येऊन राह्यलं.”