नवऱ्याचा लोंबता हात

लग्नाला जेमतेम आठवडा झाला असेल. सकाळी नवरा चहाचा कप उचलायला गेला. हात वर आला, पंजा आलाच नाही. मनगटातून खाली लोंबत राहिला. चहा माझ्या नव्या साडीवर. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, त्याने डाव्या हाताने उजवा पंजा उचलून पाहिला, सोडला, तो पुन्हा पडला. मला हसू आलं. नव्या सुनेने हसायचं नसतं, हे माहेराहून, मोर्शीहून निघताना मला दहा जणींनी बजावलं होतं.

"माय वो, लकवा मारला माह्या पोराले!" सासूने हंबरडा फोडला. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत बातमीला चप्पल घालण्याइतकाही वेळ लागत नाही. बायका जमल्या. एक म्हणाली, मोहरीचं तेल चोळा. दुसरी म्हणाली, कबुतराचं रक्त लावा. तिसरीच्या माहितीत पातूरला नस बसवून देणारा कोणी होता. एवढ्या वैद्यांमधून मी नवऱ्याला कसंबसं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तोंड पाहिलं, पाय पाहिले आणि सांगितलं की हा लकवा नाही. दंडामागून जाणारी नस दबली आहे, काही आठवड्यांत हात आपोआप येईल, तोवर मनगटाला पट्टी बांधा. मग विचारलं, "झोपेत दंडावर काय होतं?"

नवरा छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलो होतो."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओठ आवळून गोळ्या लिहिल्या. ती खुर्ची मीच होते.

"घरी खरं सांगा," मी रिक्षात म्हटलं.

"आईसमोर? काही लाज हाये का नाई तुले?"

घरी बायका अजून बसलेल्याच. सासरे कोपऱ्यात पेपर वाचत होते. आमचं घर बौद्ध. अंधश्रद्धेविरुद्ध विहारात माझी सासू असं भाषण ठोकते की माइक नसला तरी चालतो. "आमी असलं काही मानत नाई," ती बायकांना म्हणाली, "पन घरात सून आली अन् पोराचा हात गेला, आता याले का म्हनाव?" मग माझ्याकडे वळली. "तू थोडे दिवस मोर्शीले जाऊन ये. हात आला का बोलावू तुले."

'थोडे दिवस' म्हणून माहेरी पाठवलेली आमच्या शेजारची एक मुलगी अजून तिथेच आहे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मनगटाची पट्टी नीट करत होता, जणू ती आत्ताच सैल झाली होती. त्याची लाज वाचावी म्हणून बॅग मी भरायची! माझं डोकं फिरलं.

"खुर्ची वगैरे काही नव्हती," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "माझं डोकं होतं त्यांच्या हातावर. रात्रभर."

कबुतरवाली पदरात तोंड खुपसून हसायला लागली. सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही उलटा. नवरा उठून गच्चीवर गेला. बायकांना एकदम आपापली घरं आठवली.

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बॅग भरायची की नाही, कोणी सांगत नव्हतं. सासू येऊन ओट्याला टेकली.

"त्याले समजलं नाई का, हात मरून राहिला म्हनून?"

"समजलं होतं. मुंग्या आल्या होत्या म्हणतात."

"मंग काढून काहून नाई घेतला?"

"माझी झोप मोडली असती म्हणे."

बाहेर सासरे भाजीत मीठ किती घालायचं ते ओरडून सांगत होते. सासूने तिकडे लक्ष दिलं नाही.

"इतका संसार केला," ती म्हणाली, "माह्यासाठी कोनाच्या हाताले मुंग्या नाई आल्या कधी. सकाळपासून तुहा राग येऊन राहिला होता मले. आता तं जास्तच येऊन राहिला."

तिने माझ्या हातातलं लाटणं ओढून घेतलं.

"उभी काहून राहिली? ताट घे अन् गच्चीवर जा. त्याले डाव्या हातानं जेवता नाई येत."