एकविसाव्या पानावरचा ठिपका

पुस्तकावर पेन्सिल चालवणारा वाचक मला मुळीच आवडत नाही. दारव्ह्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी चाळून बघतो. आमच्या जुन्या वाचकांना एक खोड आहे. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर खूण करायची, म्हणजे चुकून तेच पुन्हा घरी जात नाही. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. जवळच्या बोरी अरब गावच्या एका काकूंचा मात्र एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक ठिपका. तो दिसला की मी रागारागानं पुसायचो, आणि काकू काही महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा घेऊन जायच्या.

"भाऊ, माहा ठिपका कोनं पुसला?" काउंटरशी उभं राहून त्या विचारायच्या.

"पुस्तक वाचनालयाचं आहे, काकू."

"पन डोकं तं माह्यं हाये ना! त्याले कायले तरास देता?"

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मीच. कोणतं पुस्तक कुणाकडं आहे हे माझ्या डोक्यात असताना या खोक्याला काय विचारायचं? पुस्तकांवर बारकोड चिकटवले, जुन्या नोंदी भरल्या, सगळं कुरकुरतच केलं. पण काम झालं आणि माझी कुरकुर थांबली. पुस्तकावर स्कॅनर धरला की पडद्यावर लाल अक्षरं यायची : या वाचकानं हे आधी नेलेलं आहे. काकूंचं-माझं भांडणच मिटलं. खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी मग रबर खणात टाकून दिलं. काकूंनी ठिपका काही सोडला नाही.

"लाइन गेली तं तुमची मशीन काय सांगन मले?" असं त्या म्हणायच्या. आमच्याकडची वीज कशी जाते ते मलाही ठाऊक होतं. एखादं पुस्तक तर त्या लाल अक्षरं बघूनही मागायच्या. "राहू द्या. आवडीचं हाये, आनखी वाचतो."

मग त्यांचं येणं थांबलं. गुडघ्यांनी दगा दिला होता. बाजाराच्या दिवशी सून यायची आणि भाजीच्या पिशवीतून पुस्तकं न्यायची. एकदा तिनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, आईच्या आता काही ध्यानात राहत नाही. जेवल्या का नाही, तेही मलेच इचारतात. नव्या पुस्तकात जीव लागत नाही त्यायचा, जुनंच पाह्यजे. अन जुनं देलं की आधी एकविसावं पान काढतात. ठिपका दिसला की रडतात. म्हनतात, हे म्या वाचलं हाये अन मले एक अक्षर आठवून नाही राह्यलं."

मी काकूंचा सभासद क्रमांक टाकला. त्यांनी नेलेली सगळी पुस्तकं पडद्यावर आली, पुन्हा पुन्हा नेलेली सर्वांत वर. ज्या डोक्याचा मला एवढा तोरा होता, त्याला त्यातली निम्मीही आठवली नसती. आवडीची तेवढी कपाटांतून काढून आणली, खण उघडला आणि रबर शोधलं. एकेका पुस्तकाचं एकविसावं पान काढलं. कागदावर वळ राहू नये म्हणून हळू हळू पुसत होतो. सून शेजारी बसून रबराचा चुरा फुंकत होती. सगळ्यात जास्त वेळा नेलेली कादंबरी आधी पिशवीत गेली.

पुढच्या बाजाराला ती आली ती हसतच.

"आईनं निरोप देला. म्हने, भाऊले सांग, इतकं चांगलं पुस्तक आजपर्यंत लपवून काहून ठेवलं?"

मी हसलो, आणि लगेच डोळेही भरून आले. कादंबरी जमा करून घेतली, सवयीनं चाळली. एकविसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, ठिपका होता. हात थरथरल्यामुळं जरा लांबट झालेला.

"हेच ठेवू का परत पिशवीत?" मी विचारलं.

सुनेनं होकारार्थी मान डोलावली. मी रबर घेतलं.